घोडा मांड ओळखतो

हेलसिंकीच्या १९५२ सालच्या ऑलिंपिकपर्यंत घोडेस्वारीच्या ‘ड्रेसाज’ या प्रकारात बायकांना प्रवेश नव्हता, आणि लष्करातून यायचे तर अधिकारीच असावे लागे. नियम किती कडक, तर १९४८ला लंडनमध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले आणि मागाहून निष्पन्न झाले की त्यांच्यातला एक स्वार मूळचा सार्जंट होता. स्पर्धेपुरता त्याला लेफ्टनंट केला होता. संघाचे पदक काढून घेतले गेले. पाठीवरचा माणूस कोणत्या हुद्द्याचा आहे याची घोड्याने कधी चौकशी केल्याची नोंद नाही.

हेलसिंकीत दारे उघडली आणि ज्या मोजक्या बायका मैदानात उतरल्या त्यांत डेन्मार्कची लिस हार्टेल होती. १९४४च्या सप्टेंबरात, तेवीस वर्षांची आणि दुसऱ्यांदा गरोदर असताना, तिला पोलिओ झाला. मुलगी सुखरूप जन्मली. आईचे गुडघ्याखालचे पाय मात्र कायमचे गेले. कुबड्यांवर चालता आले तरी पुष्कळ, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. ती हात उचलायला पुन्हा शिकली, सरपटायला शिकली, कुबड्यांवर उभी राहिली आणि मग घोड्याकडे गेली. १९४७ला स्कँडिनेव्हियातल्या स्पर्धेत ती दुसरी आली. हेलसिंकीत तिला घोड्यावर चढवावे आणि घोड्यावरून उतरवून घ्यावे लागे. ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून तिने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण स्वीडनच्या हेन्री सेंट सिरला मिळाले. पदक गमावलेल्या १९४८च्या संघात तोही होता. त्याने तिला आधार देऊन विजयमंचावर चढवले. पुढे १९५६ला ऑस्ट्रेलियाच्या जनावरांच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा मेलबर्नऐवजी स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. तिथेही ज्युबिली, आणि तिथेही रौप्य.

ही हकिगत बहुतेक वेळा जिद्दीची म्हणून सांगतात, आणि जिद्द तिच्यात आहेच. मला मात्र ती ज्युबिलीच्या बाजूने जास्त विलक्षण वाटते. ड्रेसाजमध्ये घोड्याकडून ठरावीक चाली, वळणे, थांबे काढून घ्यायचे असतात, तेही बघणाऱ्याला हुकूम दिसू न देता. हे हुकूम जातात ते मुख्यतः पोटऱ्यांच्या दाबातून. हार्टेलच्या पोटऱ्यांत जीव नव्हता. उरला पाठीचा कणा, बैठकीतला भार, किंचित पुढे-मागे होणे, श्वास. ज्युबिलीला तेवढे पुरले. आपल्याकडचे जुने मोतद्दार म्हणत की घोडा मांड ओळखतो. रिकिबीत पाय पडल्याबरोबर वर कोण येतो आहे ते त्याला कळते. गेली काही दशके जगभर घोड्यांच्या सोबतीने मनाचे उपचार करण्याचा जो प्रकार वाढला आहे, तो या एका ओळखण्यावर उभा आहे. आणि त्याची सगळ्यात मोठी अडचणही त्या ओळखण्यातूनच निघालेली आहे.

*

सुरुवात शरीरापासून झाली. हार्टेलच्या पदकाने युरोपातल्या फिजिओथेरपिस्टांचे लक्ष वेधले. नॉर्वेत एल्सबेट बॉटकर या फिजिओथेरपिस्ट बाईने मुलांसाठी घोडेस्वारीचे काम सुरू केले. साठच्या दशकात जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये त्याची पद्धत बसली. तत्त्व साधे आहे. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे अशी तिन्ही अंगांनी हलते, आणि ही हालचाल माणसाच्या चालण्यात कंबर जशी हलते तिच्याशी बरीच जुळते. ज्या मुलाने आयुष्यात पाऊल टाकलेले नाही त्याच्या कमरेला घोड्यावर बसून चालण्याचा अनुभव मिळतो. तोल सावरण्यासाठी पोटाचे आणि पाठीचे स्नायू आपोआप कामाला लागतात. १९६९ साली ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत अपंगांच्या घोडेस्वारीसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या तोलाबद्दल आणि बसण्याच्या ढबीबद्दल जे अभ्यास आहेत ते बऱ्यापैकी आशादायक आहेत, आणि या शाखेशी माझे फारसे भांडण नाही.

मनाची शाखा उशिरा फुटली. घोड्यावर बसणारी मुले नुसती सरळ बसत नव्हती, तर बोलू लागत होती, हट्ट कमी करत होती, घोड्याच्या नावाने घरी निरोप पाठवत होती, हे शिकवणाऱ्यांच्या लक्षात येत गेले. नव्वदच्या दशकात अमेरिकेतले काही समुपदेशक मुद्दाम घोडे घेऊन काम करू लागले. १९९९ला युटामध्ये या कामाची एक संघटना निघाली, ‘ईगाला’. तिच्या पद्धतीत माणसाला घोड्यावर बसवतच नाहीत. सगळे काम जमिनीवरून चालते. एक समुपदेशक, एक घोड्यांचा जाणकार, एक-दोन मोकळे घोडे आणि ज्याला मदत हवी आहे तो माणूस.

आता हे सगळे नेमके कशावर चालते हे समजून घ्यायचे तर बर्लिनला जावे लागते.

*

विल्हेल्म फॉन ऑस्टेन हा निवृत्त गणितशिक्षक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमधल्या एका अंगणात तो आपल्या हान्स नावाच्या घोड्याला शिकवत असे. फळा, खडू, अंकांच्या पाट्या, बक्षीस म्हणून गाजर आणि पाव, असा शाळेचा सगळा सरंजाम होता. हान्स खूर आपटून उत्तरे देई. बेरीज-वजाबाकी करी, अपूर्णांक सोडवी, घड्याळातली वेळ सांगे, आज कोणती तारीख तेही सांगे. १९०४ साली तो जर्मनीभर गाजला. फॉन ऑस्टेन प्रयोगाला तिकीट लावत नव्हता, त्यामुळे लबाडीचा आरोपही सहज करता येईना. मानसशास्त्रज्ञ कार्ल स्टुम्फ याच्या पुढाकाराने तेरा जणांची समिती बसली. तिच्यात प्राणीशास्त्राचे जाणकार होते तसे सर्कसवालेही होते. कोणालाही हातचलाखी सापडली नाही.

खरे गुपित शोधले स्टुम्फच्या हाताखालच्या ऑस्कर फुंग्स्टने. त्याने दोन गोष्टी तपासल्या. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर काय होते? हान्स चुकतो. घोड्याच्या डोळ्यांना झापड लावून विचारणारा दिसू दिला नाही तर? तरीही चुकतो. मग फुंग्स्टने घोड्याकडे बघणे सोडून माणसांकडे बघायला सुरुवात केली. प्रश्न विचारून झाला की विचारणारा खुराकडे बघण्यासाठी डोके जरासे पुढे झुकवी. हान्स खूर आपटू लागे. बरोबर आकडा आला की त्याचे डोके केसभर वर होई, हान्स थांबे. हे कोणी मुद्दाम करत नव्हते. फुंग्स्टला सगळे माहीत असूनही स्वतःची मान आवरणे जमले नाही. मग तो स्वतः घोडा झाला. लोकांना मनात आकडा धरायला सांगून तो हाताने ठोके देई आणि त्यांच्या डोक्याची हालचाल पाहून थांबे. पंचवीसपैकी दोघे सोडून सगळ्यांच्या मानांनी त्याला उत्तर सांगितले.

१९०७ला हे प्रसिद्ध झाले. हान्सला गणित येत नव्हते, त्याला समोरचा माणूस येत होता. फॉन ऑस्टेनला हे मानवले नाही. तो घोड्यावरच चिडला आणि १९०९मध्ये वारला. विज्ञानाने मात्र या प्रकरणाची कायमची धास्ती घेतली. प्रयोग करणाऱ्याला अपेक्षित उत्तर माहीत असेल तर ते नकळत प्रयोगात झिरपते, हा धडा ‘क्लेव्हर हान्स परिणाम’ या नावाने मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पुढची कित्येक दशके हान्स हे एका फसगतीचे नाव होऊन राहिले.

फसगत बघणाऱ्यांची झाली होती. घोड्याने जे केले ते खरे होते आणि ते गणितापेक्षा अवघड होते: तज्ज्ञांच्या समितीला जे दिसत नव्हते ते त्याने दिवसेंदिवस, अनोळखी माणसांच्या बाबतीत, उघड्या अंगणात ओळखले.

*

पुढच्या काळात प्रयोगशाळांनी हे ओळखणे किती खोल जाते ते पाहिले. २००९ साली स्वीडनमध्ये झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याला यंत्रसामग्री लागली ती हृदयाचे ठोके मोजण्यापुरती. माणसांनी घोडा धरून किंवा घोड्यावर बसून ठरावीक अंतर चार वेळा जायचे होते. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितले: या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. फटकन उघडणारी छत्री म्हणजे घोडा बुजण्याचे हमखास कारण. माणसाच्या छातीत धडधडू लागले. छत्री उघडलीच नाही. पण त्या खेपेला घोड्याचेही ठोके वाढले होते. वर बसलेल्या काहींनी लगाम आखडता धरला होता, म्हणजे निरोप जायला एक वाट हातातून होतीच. पण नुसता दोर धरून चालणाऱ्यांच्या घोड्यांचेही तेच झाले.

२०१६ला इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने अठ्ठावीस घोड्यांना माणसाच्या चेहऱ्यांची मोठी छायाचित्रे दाखवली, रागावलेली आणि हसरी. रागावलेला चेहरा पाहताना घोडे तो डाव्या डोळ्याने पाहू लागत आणि त्यांचे ठोके लवकर चढत. डाव्या डोळ्याचे बरेचसे काम मेंदूचा उजवा भाग पाहतो, आणि धोक्याची दखल अनेक प्राणी त्या बाजूने घेतात. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी पुढचा प्रयोग केला. सकाळी घोड्याला एका माणसाचा रागीट किंवा हसरा फोटो दाखवायचा. काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्याने समोर उभा करायचा. घोड्यांनी सकाळचा राग लक्षात ठेवला. समोर उभ्या माणसाला मात्र आपला कोणता फोटो दाखवला होता ते सांगितलेले नव्हते. हान्सची ती जुनी धास्ती.

घोडा हे का करतो, याचे उत्तर त्याच्या डोक्याच्या ठेवणीतच आहे. तो शिकार होणाऱ्यांपैकी. डोळे दोन्ही बाजूंना, त्यामुळे नाकापुढची आणि शेपटीमागची चिंचोळी जागा सोडली तर जवळजवळ सगळा गोल त्याला दिसतो. (साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हण निम्मी तरी शास्त्रीय आहे.) कळपात एकाचे कान टवकारले की बाकीच्यांनी पळायचे, कशामुळे ते मागाहून. ज्याला शेजाऱ्याची अस्वस्थता वाचता आली नाही तो घोडा लाखो वर्षांत केव्हाच मागे पडून खाल्ला गेला. माणूस त्या कळपात नंतर आला, पण वाचनाची सवय त्यालाही लागू झाली.

*

आता रिंगणात काय चालते ते पाहू. समुपदेशक एखादे साधे काम देतो. हा मोकळा घोडा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्या. दोर नाही, हात लावायचा नाही. चारशे-पाचशे किलोचे जनावर ढकलून हलत नाही, त्यामुळे दांडगाईचा उपयोग नाही. मग माणूस आपापल्या स्वभावावर येतो. कोणी टाळ्या वाजवतो, कोणी आवाज चढवतो, कोणी घोड्याची माफी मागतो, कोणी बाकीच्यांकडे वळून विनोद करतो, कोणी पहिल्याच नकाराला खांदे पाडून कुंपणाशी जाऊन उभा राहतो. काम जमले की नाही याला महत्त्व नाही. नकार मिळाल्यावर या माणसाने काय केले, हे समुपदेशकाने पाहिलेले असते, आणि बोलणे तिथून सुरू होते. घरी असे कधी होते? कार्यालयात? वडिलांसमोर?

दुसरे काम खराऱ्याचे. घोड्याचे अंग घासायचे, आयाळ विंचरायची, एकेक पाय उचलून खुराच्या तळव्यातली घाण काढायची. खूर हातात देणे घोड्याला सोपे नसते. पळण्याचे साधनच तो तुमच्या ताब्यात देत असतो, आणि वाकणाऱ्या माणसाचा हात घाबरा असला तर देत नाही. ज्याचा कोणावरच विश्वास उरलेला नाही अशा माणसाला, दुसऱ्याचा विश्वास कमावण्याचे हे काम दिलेले असते. मला यातली खुबी अशी वाटते की स्वतःबद्दल बोलायचेच नाही अशी तयारी करून आलेल्या माणसालाही घोड्याबद्दल बोलायला हरकत नसते. ‘तो घाबरलाय’ असे तो म्हणतो. समुपदेशक विचारतो, कशावरून? आणि तासाभरात दोघेही घोड्याबद्दल बोलत नसतात.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी हे विशेष लागू पडते असे दिसते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युव्हाल नेरिया आणि प्रूडन्स फिशर यांनी ‘मॅन ओ’ वॉर प्रोजेक्ट’ चालवला. नाव एकवीसपैकी वीस शर्यती जिंकलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या घोड्याचे. पैसा घोड्यांचे शौकीन आणि अमेरिकेचे फिनलंडमधले माजी राजदूत अर्ल मॅक यांचा. युद्धाच्या आघाताने, म्हणजे पीटीएसडीने, त्रस्त त्रेसष्ट माजी सैनिक. आठवड्यातून एकदा दीड तास, असे आठ आठवडे, लहान गटांत, सगळे काम जमिनीवरून. २०२१मध्ये निष्कर्ष आले. आघाताची आणि नैराश्याची लक्षणे उतरली आणि तीन महिन्यांनंतरही बरीचशी उतरलेलीच राहिली. माझ्या मते त्यातला सगळ्यात बोलका तपशील वेगळा आहे: मध्येच सोडून गेले ते फक्त पाच जण. या आजारावरच्या नेहमीच्या उपचारांत आघाताचा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगावा लागतो, आणि त्यामुळे पुष्कळजण पहिल्या काही बैठकांतच गळतात. तबेल्यात माणसे परत येत राहिली. उपचार कितीही चांगला असो, रुग्ण यायला तर हवा.

*

समुपदेशक नसतानाही असे काही घडू शकते का? अमेरिकेच्या तुरुंगांत याचे एक अपघाती उदाहरण आहे. १९७१च्या कायद्याने तिथल्या मोकाट घोड्यांना, मस्टँगांना, संरक्षण मिळाले. त्यांची संख्या वाढली, कुरणे अपुरी पडू लागली, सरकार त्यांना पकडून आणू लागले आणि माणसाळलेले नसल्याने त्यांना घ्यायला कोणी तयार होईना. १९८६ला कोलोरॅडोतल्या कॅन्यन सिटीच्या तुरुंगात एक सोय निघाली: कैद्यांनी हे घोडे माणसाळवायचे. पुढे वायोमिंग, नेव्हाडा, ॲरिझोना अशा राज्यांतही ती गेली. उद्देश घोडे खपवण्याचा होता. उपचार हा शब्द सरकारी कागदात मुख्य नव्हता.

यातले अनेक कैदी घोड्याला आयुष्यात प्रथमच हात लावणारे. ज्या माणसाला आतापर्यंत धाक दाखवून कामे करून घेणे एवढेच ठाऊक, त्याच्यासमोर असा घोडा की ज्याला धाक दाखवला तर तो कुंपणावर धडकतो. जवळ जायचे तर खांदे सैल सोडून, तिरक्या चालीने, नजर न रोखता जावे लागते. नेव्हाडात कार्सन सिटीला घोडा सुमारे चार महिने त्या माणसाकडे असतो आणि मग जाहीर लिलाव होतो. कैदी स्वतः त्याच्यावर बसून लोकांसमोर त्याच्या चाली दाखवतो, बोली लागते, घोडा दुसऱ्याच्या गाडीत चढतो. २०१९चा ‘द मस्टँग’ हा चित्रपट याच योजनेवर बेतलेला आहे. त्यात दाखवलेल्यापेक्षा लिलावाचा हा भाग मला अधिक कठोर वाटतो. चार महिने जपलेले नाते हातांनी विकायचे, आणि दुसऱ्या दिवशी नव्या भेदरलेल्या घोड्यापाशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काही जणांना त्यातूनच काही मिळते असे तिथे काम करणारे सांगतात. मी ते नाकारत नाही, पण तुरुंगाला लागून असलेल्या या आवारांचे दुसरेही चित्र आहे: २०२२च्या वसंतात कॅन्यन सिटीच्या याच आवारात घोड्यांच्या फ्लूची साथ आली आणि शंभरावर घोडे मेले. तिथे दाटीवाटीने ठेवलेल्या हजारो घोड्यांपैकी थोड्यांच्याच वाट्याला कैद्याचा सैल खांदा येतो.

*

इथवर वाचून कोणाला वाटेल की प्रकरण सिद्ध झाले. तसे नाही. २०१४ साली मायकेल अनेस्टिस आणि सहकाऱ्यांनी मानसिक आजारांवरच्या घोडा-उपचारांचे चौदा अभ्यास तपासले आणि सरळ सांगितले की एकाचीही रचना निष्कर्षाचा भार पेलण्याइतकी भक्कम नाही. तुलनेसाठी दुसरा गट नाही, माणसे थोडी, मोजणारे तेच आणि शिकवणारेही तेच. कोलंबियाच्या अभ्यासातही तुलनेचा गट नव्हता. आठ आठवडे शहराबाहेर मोकळ्या हवेत, आपल्यासारख्याच सोबत्यांबरोबर, लक्ष देणाऱ्या माणसांच्या सहवासात घालवले तर घोड्याशिवायही बरे वाटणार नाही कशावरून?

हा प्रश्न कोलोरॅडो विद्यापीठातल्या रॉबिन गेब्रिएल्स यांनी मनावर घेतला. २०१५च्या त्यांच्या अभ्यासात सहा ते सोळा वयाची, ऑटिझम असलेली १२७ मुले होती. निम्म्यांना दहा आठवडे घोडेस्वारी. उरलेल्यांना तितकेच आठवडे तबेल्यातले वर्ग, घोड्यांचीच माहिती, पण प्रत्यक्ष घोडा नाही. घोड्यावर बसलेल्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली, ती अधिक बोलू लागली. म्हणजे नुसत्या हवापालटापेक्षा काहीतरी जास्त आहे. किती जास्त, कोणासाठी, किती काळ, याची उत्तरे अजून सावकाश येत आहेत.

अडचण पैशाच्या किंवा संख्येच्या पलीकडची आहे, आणि इथे हान्स पुन्हा आडवा येतो. या उपचाराची सगळी ताकद, घोडा माणसाला वाचतो, यात आहे. पण रिंगणाच्या कुंपणापाशी उभी असलेली माणसेही घोड्याला वाचत असतात, आणि ती फॉन ऑस्टेनपेक्षा फार हुशार असतात असे नाही. रडणाऱ्या बाईच्या खांद्यावर घोड्याने नाक टेकवले: त्याला तिचे दुःख कळले. नाही टेकवले, पाठ फिरवली: तिला तिची जागा हवी आहे हे त्याला कळले. तिसरीकडे जाऊन गवत खाऊ लागला: तो तिला निर्धास्त राहायला शिकवतो आहे. काहीही घडले तरी अर्थ तयार. घोडा जीभ फिरवून तोंड चघळल्यासारखे करतो, त्याला ‘शरण आला’ म्हणायची रिंगणवाल्यांत जुनी पद्धत आहे. मोकाट घोड्यांची निरीक्षणे मात्र सुचवतात की ताण येऊन सरल्यावर घोडा असे करतो. त्याच्या तोंडाची ती हालचाल तुमच्याशी झालेला करार नसते. खांद्यावर टेकलेल्या नाकाचे कारण तर कित्येकदा खिशातले गाजर.

चांगला समुपदेशक म्हणून अर्थ स्वतः सांगत नाही. तुम्हाला काय वाटले ते विचारतो. तुम्ही लावलेला अर्थ घोड्याबद्दल काही सांगत नसला तरी तुमच्याबद्दल सांगतो, आणि उपचाराला तेवढे पुरते. वाईट समुपदेशक घोड्याच्या तोंडून बोलतो. माझ्या मते या क्षेत्रातली खरी सीमारेषा प्रमाणपत्रांपेक्षा इथे आहे. ‘नेतृत्वगुण विकास’ या नावाखाली कंपन्यांच्या व्यवस्थापकांना दिवसभरासाठी घोड्यांत सोडणाऱ्या शिबिरांत ही दुसरी जात जास्त आढळते. व्यवस्थापकाच्या मागे घोडा चालला की तो नेता. शिबिराचे पैसे भरलेले असल्याने घोडा बहुतेक वेळा चालतोच.

रुपर्ट आयझॅकसन या लेखकाची गोष्ट पालकांना बहुधा माहीत असते. टेक्सासमध्ये राहणाऱ्या त्याच्या मुलाला, रोवनला, ऑटिझम. मूल कोणाला जवळ येऊ देत नसे, आणि एक दिवस शेजाऱ्याच्या बेट्सी नावाच्या घोडीच्या पायांशी जाऊन पडले. घोडीने मान खाली घातली. बाप मुलाला घेऊन तिच्यावर बसू लागला, मूल बोलू लागले. २००७ला आईबाप मुलाला घेऊन मंगोलियात गेले, घोड्यांवरून हिंडले, तिथल्या मांत्रिकांना भेटले. २००९चे ‘द हॉर्स बॉय’ हे पुस्तक आणि त्याच नावाचा माहितीपट त्याचा. परतल्यावर मुलाचे आकांडतांडव कमी झाले, तो शौचाला स्वतः जाऊ लागला, त्याला मित्र मिळाले. ऑटिझम बरा झाला, असे बापाने स्वतः म्हटले नाही, आणि मला त्याचे हे न म्हणणे महत्त्वाचे वाटते. कारण ऐकणारे नेमके तेवढेच ऐकून येतात.

*

आपल्याकडे घोडा माणसाला वाचतो यापेक्षा माणसाने घोडा वाचावा यावर भर राहिला. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. तिथे गिऱ्हाईक घोड्याची चाल पाहते, दात पाहते, आणि अंगावरचे भोवरे पाहते. गळ्याखालचा देवमण असेल तर किंमत चढते, चारही पाय आणि कपाळ पांढरे असेल तर तो पंचकल्याण. भोवरा भलत्या जागी निघाला तर उमदे जनावर दावणीला राहते. वारीत माउलींचा अश्व रिंगण घालून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात. त्या अश्वाच्या पाठीवर कोणी माणूस बसत नाही, बसलेली असते ती श्रद्धा. घोड्यापाशी जाऊन मन हलके होणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. परके आहे ते, त्यासाठी कोणी तास ठरवून फी घ्यावी हे.

आता तेही येऊ लागले आहे. मोठ्या शहरांच्या आसपासच्या घोडेस्वारीच्या शाळांत विशेष मुलांसाठी तास असतात, आणि कोणी मनाच्या उपचारांचाही फलक लावतो. कोणी मनापासून करते, कोणी वाढीव उत्पन्न म्हणून. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी असते: काम करणारा घोडा. तो बहुधा शर्यतीतून किंवा स्पर्धेतून निवृत्त झालेला, वयस्क, शांत. शांत म्हणजे काय, हेही बघायला हवे. कान मोकळे, खालचा ओठ सैल, मागचा एक पाय टेकून विसावलेला घोडा शांत असतो. मान ताठ धरून, डोळे स्थिर ठेवून, काही केले तरी न हलणारा घोडा मात्र प्रतिसाद द्यायचेच सोडून बसलेला असू शकतो, आणि नवख्या पालकाला तो अधिक शहाणा वाटतो. दिवसाकाठी अनेक अनोळखी, अस्वस्थ, भेदरलेली माणसे वाचायची हे ओझे आहे. स्वीडनमधल्या घोड्याचे काळीज न उघडलेल्या छत्रीने धडधडले होते. घोडा आंबला की चावू लागतो, खोगीर दिसताच कान मागे टाकतो. त्याला तेव्हा सुट्टी हवी असते, आणि बरेचदा मिळते ती चाबकाची चुणूक.

आपल्या मुलाला किंवा स्वतःला अशा ठिकाणी न्यायचे ठरवले असेल तर फी विचारण्याआधी थोडे प्रश्न विचारावेत. मनाचे काम कोण करणार, आणि त्याचे शिक्षण घोड्यांतले आहे की माणसांतले? भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती आहे का? चालू असलेली औषधे बंद करायला कोणी सांगते आहे का? सांगत असेल तर तिथूनच मागे फिरावे. मुलाच्या डोक्याला हेल्मेट आहे का, दोन्ही बाजूंना धरून चालणारी माणसे आहेत का? घोडा दिवसाला किती तास काम करतो, आणि उरलेल्या वेळात इतर घोड्यांबरोबर मोकळा असतो की ठाणबंद? आणि शेवटी विचारावे: हा घोडा आज काम करायचे नाही म्हणाला तर तुम्ही काय करता? घोडा कुठे बोलतो का, असे म्हणून समोरचा हसला, तर दुसरी जागा बघावी.